पंडिता रमाबाई व बालसंगोपन

कोरेगाव भीमा हे नाव उच्चारताच १ जानेवारी १८१८ ची लढाई व भीमेकाठचा उंच दगडी जयस्तंभ वाचकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु आपल्या या भागात निराळ्या जातीचे आणखी एक स्मारक आहे, व ते दगडाचे नसून माणसांचे आहे. भीमा ओलांडून शिरूर तालुक्यातून दौंड तालुक्यात उतरले, म्हणजे पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगाव नावाचे स्टेशन लागते. तेथील मुक्तिमिशन ही पंडिता रमाबाईंच्या हातची संस्था होय. रमाबाईंची संस्कृत विद्या, विधवांसाठी त्यांनी घेतलेले कष्ट व त्यांचे मराठी बायबल यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु अगदी लहान मूल कसे वाढते, कसे शिकते व त्यास सांभाळणाऱ्या स्त्रीस कोणती विद्या अवगत असली पाहिजे, या प्रश्नाचाही त्यांनी हयातभर पाठपुरावा केला, ही गोष्ट त्या मानाने मागे राहिली आहे. तिचाच विचार करण्याच्या उद्देशाने त्यांच्या चरित्राकडे येथे पाहावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण व मोठे वैदिक विद्वान. तरुणपणी पुण्यास शिकत असता, आपले गुरुजी पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांस संस्कृत शिकवितात हे पाहून त्यांच्या मनाने घेतले की, आपणही आपल्या पत्नीस ही विद्या द्यावी. त्या काळी हा विचार अधर्माचा समजला जाई. शास्त्रीबोवांस त्याबद्दल उडुपी येथे पंडितांपुढे उभे राहून आपल्या वर्तनास शास्त्राधार दाखवावा लागला. त्यांच्या द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई लग्नाच्या वेळी अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. पतीने अरण्यात पर्णकुटी बांधून त्यांस शिकविले, व पुढे त्या स्वतःच इतरांस शिकवू लागल्या.

रमाबाई सहा महिन्यांच्या असताना या कुटुंबाने अरण्य सोडले व तीर्थयात्रेस प्रारंभ केला. तान्ह्या रमेस वेताच्या पेटाऱ्यात निजवून तो पेटारा एका मनुष्याच्या डोक्यावर दिला होता. येणेप्रमाणे घर, पाळणा व अंगण यांपैकी काहीही स्थिर नसता हे मूल वाढले. स्थिर होता तो एकच पदार्थ, तो म्हणजे आईचा सहवास.

रमा शिकण्याजोगी झाली तेव्हा वडील वृद्ध झाले होते. सबब शिकविण्याचे काम आईने पत्करले. दिवसभर प्रवास, स्वयंपाक व आल्यागेल्याची सरबराई यांत वेळ उरत नसे, म्हणून लक्ष्मीबाई पहाटे, पाखरे जागी होण्यापूर्वी, मुलीस उठवीत. परंतु ते उठविणे खडसावून नव्हे. मुलीस जवळ घेऊन, कुरवाळून, झोप पुरती उडाली म्हणजे त्या पाठ सांगू लागत. पुस्तक हाती देण्याची घाई त्यांनी केली नाही. कानाने ऐकावे, मुखाने म्हणावे, आणि अर्थ हळूहळू वयाबरोबर उमलावा, अशी ती रीत होती. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत रमेस भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले होते, असे तिच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. एवढे पाठांतर आज कोणी मागणार नाही. परंतु त्यामागचे तत्त्व जुने होणारे नाही. ज्या आवाजात माया आहे त्या आवाजातील शब्द मुलाच्या मनात लवकर रुजतो. पुढे १८८७ साली अमेरिकेत रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी ते आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले.

त्यानंतर दुष्काळ आला. थोड्याच अवधीत वडील, आई व थोरली बहीण ही तिघेही अन्नान्न दशेत निवर्तली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली बंधूंचा अंत झाला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत मेधावी पटकीने वारले. मूल पुरते दहा महिन्यांचेही झाले नव्हते. अशा स्थितीत, तान्ही मुलगी कडेवर घेऊन, ही तेवीस वर्षांची विधवा पुण्यास आली. तिने आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, व स्त्रियांस शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर मिळाल्या पाहिजेत अशी निर्भीडपणे मागणी केली.

१८८३ साली रमाबाई मनोरमेसह इंग्लंडास गेल्या. वॉन्टेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या सान्निध्यात, त्या वर्षीच्या २९ सप्टेंबर रोजी, मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन यांस त्या आजीबाई म्हणत. ज्या बालिकेस आपली खरी आजी कधी दिसली नाही, तिला परक्या देशात आजी मिळाली. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकू व शिकवू लागल्या. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांच्या नातलग आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभासाठी रमाबाई मनोरमेस घेऊन अमेरिकेस गेल्या.

त्या शहरात त्यांस जे शिक्षण गवसले, त्यामुळे त्यांनी तेथील मुक्काम वाढविला. ती पद्धती म्हणजे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांचे किंडरगार्टन, अर्थात बालोद्यान. फ्रोबेल यांचा जन्म १७८२ चा. त्यांची आई ते एक वर्षाचे होण्यापूर्वीच वारली होती. कदाचित त्यामुळेच मायेवाचून मुलाची काय गत होते हे त्यांस इतरांहून अधिक कळले असावे. १८३७ साली त्यांनी ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची संस्था काढली व १८४० साली तिला बालोद्यान हे नाव दिले. मूल हे रिकामे मडके नसून रोप आहे. त्यात काही ओतावयाचे नसते, तर त्यास माती, पाणी व ऊन मिळेल असे करावयाचे असते, हा त्या नावाचा भावार्थ.

त्यांनी मुलांच्या खेळासाठी जी साधने योजिली, त्यांस देणग्या म्हणत. पहिली देणगी रंगीबेरंगी लोकरीच्या सहा चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन व नळकांडे यांची. तिसरी म्हणजे आठ लहान घनांनी बनलेला एक मोठा घन, जो मोडावा आणि पुन्हा जोडावा. चेंडू दोरीस बांधून आई तो मुलापुढे हालवी, लपवी, पुन्हा दाखवी. या साध्या खेळात बालकास फार मोठी गोष्ट उमगते: जे दृष्टीआड झाले ते नाहीसे झाले असे नव्हे. आपल्याकडील आया पदराआड तोंड लपवून बुवा-कुक करतात, तेव्हा नकळत हाच पाठ देतात.

हे शास्त्र शिकत असता रमाबाईंस स्वतःच्या मुलीचा वियोग सोसावा लागला, हे मात्र विसरता येत नाही. अमेरिकेत येऊन काही महिने लोटल्यावर त्यांनी पाच वर्षांच्या मनोरमेस वॉन्टेजच्या भगिनींकडे परत पाठविले. दुसऱ्यांच्या मुलांस कसे वाढवावे हे आई शिकत होती, आणि तिचे एकुलते एक मूल समुद्रापलीकडे दुसऱ्यांच्या हाताखाली वाढत होते. यात दोष कोणास द्यावा? अन्न मिळविणारी, विद्या मिळविणारी किंवा सेवा करणारी प्रत्येक आई कधी ना कधी आपले मूल कोणाच्या तरी हाती सोपविते. ते हात कसे आहेत, जाणते आहेत की अडाणी, मायाळू आहेत की कंटाळलेले, यावर त्या मुलाचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून असते. रमाबाईंच्या पुढील कार्यात हाच विचार सर्वत्र दिसून येतो.

बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या साहाय्याने त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. येथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू याच पुढे १८९३ साली प्रा. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. त्याच वर्षी धर्मांतराच्या शंकेने मोठे वादळ उठले, सल्लागार मंडळातील थोर पुरुषांनी राजीनामे दिले, व पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तरी सदन बंद पडले नाही. तेथे बालोद्यान पद्धतीचा वर्ग होता, आणि त्या पद्धतीने शिकविण्याचे शिक्षण विधवांस दिले जात असे. येथे रमाबाईंची दूरदृष्टी दिसते. ज्या मुलींचे बालपण लग्नाने व वैधव्याने हिरावून घेतले होते, त्यांच्याच हाती त्यांनी चेंडू, ठोकळे, कागद व माती दिली. घरात अपशकुनी ठरलेली बालविधवा येथे बालकांची गुरू झाली. एकाच उपायाने दोघांची सोय लागली: अनाथ मुलास माय मिळाली, आणि निराधार स्त्रीस मानाचे काम मिळाले.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेल्या रमाबाई तेथे धावून गेल्या व सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध सुरू झाल्याने त्यांस केडगावच्या शेतावर, झोपड्यांत व तंबूंत, ठेवावे लागले. हाच मुक्तीचा आरंभ. १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांवर गेली. आलेल्या मुलींची हाडे वर आली होती, अंगावर फोड होते, डोळ्यांत तेज नव्हते. शारदासदनात शिकून तयार झालेल्या मुलींनी त्यांस न्हाऊ घालणे, भरविणे, औषधपाणी करणे व अक्षरओळख देणे ही कामे अंगावर घेतली. पुढे अंधांसाठीही शाळा निघाली, व तेथे मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. डोळे नसले तरी बोटे शिकतात, हे फ्रोबेलचे सूत्र तेथे अक्षरशः खरे ठरले.

उपाशी मूल खेळत नाही, ही गोष्ट दुष्काळातील मुलांस सांभाळणाऱ्या कोणासही प्रथम कळते. ते रडणेही सोडून देते. त्यास अन्न थोडथोडे, वरचेवर द्यावे लागते. पोट भरू लागल्यावरही ते लगेच हसत नाही. रोज तेच हात, तोच चेहरा, तोच आवाज काही दिवस मिळाला म्हणजे मग ते मान वर करून पाहते, आणि ज्या दिवशी ते पहिल्याने खेळणे उचलते त्या दिवशी ते जगण्याकडे वळले असे समजावे.

अर्वाचीन शास्त्रानेही याच अनुभवास पुष्टी दिली आहे. अर्भक जन्मतःच आईचा आवाज ओळखते. दीड-दोन महिन्यांत ते माणसाकडे पाहून हसते, सहा महिन्यांच्या सुमारास बसू लागते, वर्षाच्या आगेमागे पाऊल टाकते व पहिला शब्द उच्चारते, आणि दोन वर्षांचे होता दोन शब्द जोडून बोलते. कोणी थोडे आधी, कोणी थोडे मागून. त्यात शर्यत नसते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, नंतर त्याच्या जोडीस घरचे मऊ अन्न. आणि या सर्व काळात मूल जे हुंकार काढील त्यास उत्तर देणारे कोणी तरी, एवढी त्याची मुख्य गरज. मूल हुं म्हणते, आपण हुं म्हणावे. ते बोट दाखविते, आपण त्या वस्तूचे नाव सांगावे. या देवघेवीतूनच मेंदूची घडण होते. ही शाळा चालविण्यास पैसा लागत नाही, परंतु वेळ व मन ही लागतात.

आपल्या देशात या कार्याची परंपरा पुढे वाढली. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू करून, मुले शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, ही अंगणवाडीची कल्पना रूढ केली. व १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली.

मनोरमाबाईंचा १९२१ साली अकाली अंत झाला. आपल्यामागे मुक्ती सांभाळील अशी जिच्यावर आईची भिस्त होती ती मुलगी आधी गेली. तरीही रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचे काम शेवटास नेले, व ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेविला. ती संस्था आजही तेथे उभी आहे.

विद्यार्थी मित्रहो, दिवाळी सरली की शिरूर व दौंड तालुक्यांच्या उसाच्या फडांत दूरदूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. आई पहाटेच कोयता घेऊन जाते, आणि मागे आठ-नऊ वर्षांची बहीण तान्हे भावंड काखेस मारून दिवस काढते. त्या बालकास आई नाही असे नव्हे, आणि त्या आईस माया नाही असेही नव्हे. तेथे उणीव आहे ती जाणत्या हातांची, आणि त्या बहिणीस स्वतःचे बालपण मिळण्याची. रमाबाई आज असत्या तर त्यांनी प्रथम त्या कोपीत पाऊल टाकले असते. प्रभू येशूने बालकांस आपल्याजवळ येऊ दिले, इतकेच नव्हे तर त्यांस उचलून कवेत घेतले. ज्याला उचलून घेण्यास कोणी नाही अशा एका तरी बालकाशी तुम्ही या हंगामात बोलाल, त्याचे हुंकार ऐकाल, त्याच्या बहिणीस शाळेची वाट दाखवाल, तर केडगावच्या त्या माउलीचे चरित्र तुम्ही वाचले असे म्हणता येईल.