काठवटीतील गंगा

माघ शुद्ध पौर्णिमा हा संत रोहिदासांच्या जयंतीचा दिवस. उत्तरेत ज्यांना रविदास वा रैदास म्हणतात, त्या सत्पुरुषाला महाराष्ट्राने रोहिदास या नावाने आपल्या कथाकीर्तनांत स्थान दिले. त्यांचा काळ सामान्यतः पंधरावे शतक व सोळाव्याचा प्रारंभ असा मानतात. वाराणसीजवळील सीर गोवर्धनपूर ही त्यांची जन्मभूमी, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

घरचा व्यवसाय चर्मकाराचा. आपले आप्तजन काशीच्या आसपास मेलेली गुरे वाहून नेतात, हे त्यांनी आपल्या पदात निःसंकोचपणे सांगितले आहे. त्या व्यवसायाचे स्वरूप आपण जाणून घ्यावे. सोललेले कातडे मिठाने राखायचे. मग चुन्याच्या पाण्यात काही दिवस भिजत घालायचे. केस सुटले की ते काढायचे, आतील मांस धारदार हत्याराने खरवडायचे, वारंवार धुऊन चुना घालवायचा. शेवटी बाभळीच्या सालीच्या पाण्यात ते कित्येक दिवस मुरवायचे. त्या सालीचा तुरट रस अंतरंगात भिनला म्हणजे कुजणारे कातडे टिकाऊ चामडे होते. आपल्या भाषेत या क्रियेला कमावणे असे सार्थ नाव आहे. चुन्याने हात सोलवटतात, दुर्गंधी अंगणात भरून राहते. आणि हे सारे राहत्या घरीच चालत असे.

परंपरा सांगते की, रोहिदास साधुसंतांना जोडे विनामूल्य देत, म्हणून पित्याने त्यांना वेगळे काढले. त्यांनी झोपडी बांधली, देवपूजा मांडली. परंतु व्यवसाय सोडला नाही. स्वामी रामानंद त्यांचे गुरू व मीराबाई त्यांची शिष्या, असेही परंपरा मानते. त्यांची सुमारे चाळीस पदे शिखांच्या पवित्र ग्रंथात समाविष्ट आहेत. जेथे दुःख नाही, कर नाही, उच्चनीच भाव नाही, अशा नगरीचे चित्र त्यांनी एका पदात रेखाटले.

कंकणाचे आख्यान तर सर्वश्रुत आहे. गंगास्नानास निघालेल्या एका ब्राह्मणाजवळ रोहिदासांनी गंगामातेसाठी अल्पशी भेट दिली. मातेने हात वर करून ती स्वीकारली व रत्नजडित कंकण दिले. ब्राह्मणाने ते राजाला अर्पण केले; राणीने त्याचा जोड मागितला. भयभीत ब्राह्मण रोहिदासांकडे धावला. त्यांनी समोरच्या काठवटीत हात घातला आणि दुसरे कंकण बाहेर काढले.

हे आख्यान मी चाळीस वर्षे कीर्तनात लावीत आलो. कंकण निघाले की नामाचा गजर होई, आणि मी पुढे सरके. त्या काठवटीत चामडे भिजत होते, एवढे मात्र मी कधी विस्ताराने सांगितले नाही. गंगा सांगितली, काठवट झाकली. ही माझी उणीव होती.

वस्तुतः आपल्या धर्माचरणात चर्माचा निषेध कोठे आहे? मौंजीबंधनात बटूला अजिन विहित आहे. यज्ञदीक्षेत कृष्णाजिन सांगितले आहे. कीर्तनात ज्याच्या साथीने मी नाम घेतो, त्या मृदंगाची पुडी चामड्याचीच असते. कोणाच्या तरी हातांनी ते चामडे कमावले, तेव्हा आपला नाद उमटला. चामडे देवघरापर्यंत पोचले; कमावणारा मात्र शतकानुशतके उंबऱ्याबाहेर राहिला. 1950 साली अमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. तरी मनातील उंबरा प्रत्येकाने स्वतःच ओलांडावयाचा असतो.

गंगामाता त्या झोपडीत आली, तेव्हा तिने काठवट आधी स्वच्छ करावयास सांगितले नाही. चुन्याने सोलवटलेल्या हातांत तिने कंकण ठेवले. आज संत रोहिदासांच्या प्रतिमेस फूल वाहताना त्या हातांचे स्मरण करावे. कातडे कमावता येते, तसे मनही कमावता येते. मात्र त्याला मुरू देण्याइतका धीर हवा.