दोन हिजरतींच्या मानकरी : हजरत अस्मा बिन्ते उमैस

निकाहनंतर नवरा-बायकोने जोडीने उमऱ्याला जावे, मक्का-मदिनेत काही दिवस इबादतीत घालवावेत आणि मग संसाराला लागावे, अशी इच्छा आज अनेक मुस्लिम घरांत बोलून दाखवली जाते. ही संधी रमजानमध्ये मिळाली तर सोन्याहून पिवळे. इस्लामच्या सुरुवातीच्या काळातही एक नवविवाहित जोडपे श्रद्धेपोटी परदेशी निघाले होते. त्यांची वाट मात्र उलटी होती. त्यांना मक्केला जायचे नव्हते, मक्का सोडायची होती. परत यायला त्यांना बारा-तेरा वर्षे लागली. हे जोडपे म्हणजे हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.) आणि हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.).

अस्मा खसअम कबिल्यातल्या. त्यांची सख्खी बहीण सलमा हजरत हमजा (रजि.) यांना दिलेली होती. आईकडून बहीण लागणाऱ्या उम्मुल फजल या हजरत अब्बास (रजि.) यांच्या पत्नी, तर दुसऱ्या बहिणीला, हजरत मैमूना (रजि.) यांना, पुढे प्रेषितांच्या पत्नी होण्याचा मान मिळाला. अगदी पहिल्या काळात इस्लाम स्वीकारणाऱ्या मोजक्या स्त्रियांत अस्मांचे नाव येते. जाफर हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चुलतभाऊ आणि हजरत अली (रजि.) यांचे थोरले बंधू. दिसायला आणि वागायला ते प्रेषितांसारखेच होते. गोरगरिबांना घरी नेऊन जेऊ घालण्याची त्यांची सवय होती, म्हणून त्यांना गरिबांचा बाप म्हटले जाई.

इ.स. 615 च्या सुमारास मक्केत मुसलमानांचा छळ असह्य झाला. तेव्हा प्रेषितांनी सोबत्यांना हबशाला जाण्याचा सल्ला दिला. तिथल्या राजाच्या राज्यात कोणावर जुलूम होत नाही, अशी त्याची ख्याती होती. हबशा म्हणजे तांबड्या समुद्रापलीकडचा, आजच्या इथिओपिया-इरिट्रियाचा मुलूख. जंजिऱ्याचे सिद्दी आणि खडकी म्हणजे औरंगाबाद वसवणारा मलिक अंबर यांच्यामुळे हबशी हा शब्द मराठी माणसाला परका नाही. मलिक अंबर त्याच देशातला. तिथे तेव्हा अक्सूमचे ख्रिस्ती राज्य होते आणि राजाला नजाशी म्हणत.

आधी एक छोटी तुकडी गेली. तिच्या पाठोपाठ मोठी तुकडी निघाली, सुमारे 80 पुरुष आणि 18 स्त्रिया. त्यात जाफर आणि अस्मा होते. लग्नाला फार काळ लोटलेला नव्हता, अजून मूलबाळ नव्हते. माहेर आणि सासर दोन्ही मागे टाकून, भाषा न कळणाऱ्या देशात, अस्मांनी आपला पहिला संसार मांडला.

कुरैशांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्यांनी अम्र बिन आस यांच्यासह दोघांना नजराणे देऊन नजाशीकडे पाठवले आणि पळून आलेली माणसे आमच्या हवाली करा, अशी मागणी केली. नजाशीने दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय द्यायचे नाकारले. मुसलमानांच्या वतीने जाफर उभे राहिले. मूर्तिपूजा, मुलींना जिवंत पुरणे, दुबळ्याला लुबाडणे यांत बुडालेल्या आपल्या समाजाला प्रेषितांनी खरे बोलायला, अनामत परत करायला आणि शेजाऱ्याशी नीट वागायला कसे शिकवले, हे त्यांनी सांगितले. मग कुरआनातल्या सूरह मरियमचा काही भाग ऐकवला. हजरत ईसा (अ.) आणि त्यांच्या मातेची ती हकीकत ऐकून नजाशीचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी ईसांच्याच प्रश्नावरून मुसलमानांना अडचणीत आणण्याचा प्रयत्न झाला, तोही फसला. नजराणे परत गेले आणि मुसलमानांना अभय मिळाले.

दरबारातली ही घटना सर्वांना ठाऊक असते. तिच्यानंतरच्या वर्षांबद्दल फारसे बोलले जात नाही. परक्या मुलखातले ते रोजचे दिवस अस्मांनी काढले. अब्दुल्लाह, मुहम्मद आणि औन हे त्यांचे तीन मुलगे तिथेच जन्मले. अधूनमधून सोबतची कुटुंबे अरबस्तानात परतत होती. इ.स. 622 मध्ये प्रेषितांनी मदिनेला हिजरत केली, तेव्हा काही जण तिकडे गेले. जाफर आणि अस्मा मात्र उरलेल्यांना धरून राहिले. तिकडे मदिनेत मस्जिद उभी राहिली, किब्ला बदलला. हिजरी 2 मध्ये रमजानचे रोजे फर्ज झाले आणि त्याच रमजानच्या 17 तारखेला बद्रची लढाई झाली. पुढे उहुद झाले, खंदक झाले. अस्मांचे मेहुणे हमजा उहुदमध्ये शहीद झाले. इतिहास मदिनेत घडत होता आणि ही माणसे समुद्रापलीकडे बातमीची वाट पाहत होती.

हिजरी 7, म्हणजे इ.स. 628 मध्ये नजाशीने दोन जहाजे दिली आणि हा काफिला परतला. तेव्हा खैबर नुकतेच जिंकले गेले होते. प्रेषितांनी जाफरना मिठी मारली, त्यांच्या कपाळाचे चुंबन घेतले. खैबरच्या विजयाचा आनंद मोठा की जाफर आल्याचा, हे आपल्याला सांगता येणार नाही, अशी भावना त्यांनी व्यक्त केली.

पण मदिनेत परतलेल्यांना एक टोचणी होती. काही लोक त्यांना ऐकवत, की हिजरतीत आम्ही तुमच्या पुढे आहोत. एकदा अस्मा प्रेषितांच्या पत्नी हजरत हफ्सा (रजि.) यांना भेटायला गेल्या. तिथे हफ्सांचे वडील हजरत उमर (रजि.) आले. ही कोण, असे त्यांनी विचारले. नाव कळल्यावर, हीच का ती हबशाहून समुद्रमार्गे आलेली, असे म्हणून त्यांनीही तेच ऐकवले : हिजरतीत आम्ही पुढे, प्रेषितांवर हक्क आमचा अधिक.

अस्मांना संताप आला. उमर यांच्यासमोर भले भले गप्प बसत, त्या गप्प बसल्या नाहीत. तुम्ही प्रेषितांजवळ होतात. तुमच्यातल्या भुकेल्याला ते जेवू घालत होते, अजाणत्याला शिकवत होते. आम्ही मात्र दूरच्या, परक्या मुलखात भीती आणि त्रास सोसत होतो, आणि तेही अल्लाह आणि त्याच्या प्रेषितांसाठीच, असे त्यांनी सुनावले. हे प्रेषितांच्या कानावर घातल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही, अशी शपथ घेतली. जे घडले तेच सांगेन, पदरचे काही घालणार नाही, हेही बजावले.

प्रेषित आले तेव्हा त्यांनी शब्द न वाढवता सारे सांगितले. निवाडा स्पष्ट होता. उमर आणि त्यांच्या सोबत्यांची हिजरत एक, जहाजाने आलेल्यांच्या हिजरती दोन. ही बातमी पसरताच हबशाहून आलेली माणसे गटागटाने अस्मांच्या दारी येऊ लागली आणि ती हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकवा, म्हणून आग्रह करू लागली. तेरा वर्षांच्या कष्टांची नोंद झाली होती, आणि एका बाईने हट्टाने विचारले म्हणून ती झाली होती.

पुढच्या वर्षी मुसलमान उमऱ्यासाठी मक्केत गेले. निघताना शहीद हमजांची पोरकी मुलगी मागे धावत आली. तिला सांभाळण्यासाठी अली, जाफर आणि हजरत जैद (रजि.) असे तिघे पुढे झाले. प्रेषितांनी तिला जाफरच्या घरी दिले, कारण त्या घरात तिची मावशी अस्मा होती आणि मावशी आईच्या जागी असते. माय मरो, मावशी उरो असे म्हणणाऱ्या मराठी मुलखाला हा निर्णय वेगळा समजावून सांगायला नको.

मदिनेतला अस्मा-जाफर यांचा संसार जेमतेम सव्वा वर्षाचा ठरला. इ.स. 629 मध्ये मुअताच्या लढाईत झेंडा सांभाळताना जाफरचे दोन्ही हात तुटले आणि ते शहीद झाले. अस्मांनी पीठ मळून ठेवले होते, मुलांना न्हाऊ-माखू घातले होते. प्रेषित घरी आले, मुलांना जवळ घेतले आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. अस्मांना न सांगताच कळले. जाफरच्या घरच्यांसाठी जेवण बनवा, ते दुःखात आहेत, असे प्रेषितांनी आपल्या घरच्यांना सांगितले. मयताच्या घरी नातलगांनी आणि शेजाऱ्यांनी जेवण पाठवायचे, ही आपल्याकडेही पाळली जाणारी सुन्नत त्या दिवसाची आहे.

नंतर हजरत अबू बक्र (रजि.) यांच्याशी त्यांचा निकाह झाला. इ.स. 632 मध्ये अखेरच्या हजला जाताना, मदिनेबाहेर जुलहुलैफा इथे, त्या बाळंत झाल्या. आता हजचे काय, असा प्रश्न त्यांनी प्रेषितांना विचारून घेतला. गुसल करून एहराम बांधण्याची परवानगी मिळाली आणि पुढच्या सर्व बाळंतिणींची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी प्रेषितांचे निधन झाले. सहा महिन्यांनी, हिजरी 11 च्या रमजानमध्ये, हजरत फातिमा (रजि.) गेल्या. जनाजा नेताना स्त्रीच्या देहाचा आकार दिसतो, हे फातिमांना अखेरच्या दिवसांत खटकत होते. अस्मांनी हबशात पाहिलेली रीत दाखवली. खजुराच्या ओल्या फांद्या तिरडीवर कमानीसारख्या वाकवायच्या आणि वरून कापड घालायचे. फातिमांचे समाधान झाले. परदेशी काढलेली वर्षे अशी कामी आली.

दोन वर्षांनी अबू बक्र यांचेही निधन झाले. त्यांच्याच इच्छेनुसार मयतीचे गुसल अस्मांनी दिले. त्या दिवशी त्यांचा रोजा होता. पुढे त्या हजरत अलींच्या पत्नी झाल्या. एकदा जाफरपुत्र मुहम्मद आणि अबू बक्रपुत्र मुहम्मद यांच्यात कोणाचे वडील श्रेष्ठ यावरून वाद झाला. अलींनी निवाडा अस्मांवर सोपवला. तरुणांत जाफरसारखा कोणी पाहिला नाही आणि वडीलधाऱ्यांत अबू बक्रसारखा, असे त्यांनी सांगितले. मग आमच्यासाठी तू काही ठेवलेच नाहीस, असे अली हसून म्हणाले. इ.स. 658 मध्ये मुहम्मद बिन अबू बक्र मिसरमध्ये मारले गेले. ते दुःखही या आईने नमाजच्या जागेवर बसून गिळले.

आजही कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसे आखातात रोजे धरतात. गावची मस्जिद दूर, इफ्तारीला घरचे कोणी नाही. इकडे त्यांच्या बायका पोराबाळांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळून सहरी-इफ्तारीचे पाहतात. मस्जिदीतल्या पहिल्या रांगेत यांपैकी कोणी दिसत नाही. हबशाहून आलेल्यांनाही मदिनेत मागचे समजले गेले होते. अल्लाहच्या दरबारात त्यांचा हिशेब दुप्पट लागला.