विश्लेषण : एडिसन यांची बॅटरी आणि ई-मोटारींतील आगीचा धोका

विजेवरील मोटार पेटल्याची चित्रफीत आली, की तिची बॅटरी सुरक्षित होती का, असा प्रश्न विचारला जातो. शतकापूर्वी तो थॉमस अल्वा एडिसन यांच्यापुढेही उभा राहिला होता.

बॅटरीशी संबंध कधीपासून?
एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. किशोरवयात ते रेल्वेत वर्तमानपत्रे विकत. सामानाच्या डब्यात त्यांनी थाटलेल्या प्रयोगशाळेत एकदा फॉस्फरसने पेट घेतला. पुढे तारखात्यात रात्रपाळी करताना बॅटरीतील आम्ल सांडून ते खालच्या मजल्यावरील वरिष्ठांच्या टेबलावर गळाले आणि नोकरी गेली.

मोटारीची बॅटरी कशी घडली?
१९०० च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या मोटारी धावत होत्या. पण शिसे-आम्ल बॅटरी जड होती. एडिसन यांनी निकेल, लोखंड आणि अल्कधर्मी द्रावणाची बॅटरी बनवली. ती गळू लागल्याने त्यांनी उत्पादन थांबवले आणि १९०९ मध्ये सुधारित बॅटरी आणली. तोवर पेट्रोलच्या स्वस्त मोटारींनी बाजार काबीज करायला सुरुवात केली होती.

दुर्घटना काय होती?
मग ही बॅटरी पाणबुडीत गेली. समुद्राचे पाणी शिरल्यास शिसे-आम्ल बॅटरीतून विषारी क्लोरिन निघे. एडिसन यांच्या बॅटरीत तो धोका नव्हता. मात्र तिच्यातून हायड्रोजन निघत असे. १५ जानेवारी १९१६ रोजी न्यू यॉर्कच्या नौदल गोदीत ई-२ या पाणबुडीत साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट होऊन चार जण दगावले. वायुवीजन अपुरे होते, अशी बाजू एडिसन यांच्यातर्फे मांडली गेली. एक धोका टळला होता, दुसऱ्याची पुरेशी तयारी नव्हती.

आजच्या मोटारींसाठी धडा कोणता?
१८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन यांचे निधन झाले. आज मोटारींत लिथियम-आयन बॅटरी असते. तिचा एखादा सेल बिघाडाने, धडकेने किंवा अतिचार्जिंगने प्रमाणाबाहेर तापला, तर ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि उष्णता शेजारच्या सेलपर्यंत पोहोचते. त्यामुळे विझलेली आगही पुन्हा भडकू शकते. म्हणूनच तापमानावर नजर ठेवणारी यंत्रणा, सेलमधील उष्णतारोधक आडोसे आणि वायूला सुरक्षित वाट या गोष्टी रसायनाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. बॅटरी किती सुरक्षित, हे ती कशाची आहे यावर जितके, तितकेच ती कशी बसवली आहे यावरही अवलंबून असते.