कँटरबरीचा थॉमस बेकेट व त्याचें तळघरांतील थडगें

पंढरपूर ज्यांच्या जिल्ह्यांत आहे त्या सोलापूरकडील वाचकांस यात्रा म्हणजे काय हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आषाढ लागला म्हणजे वाटेनें दिंड्या जातांना आपण सर्वच पाहतों. मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबा मरण पावले व त्यांच्या अस्थि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर पुरल्या, ही परंपरेची कथाहि येथील लहानमोठ्यांस ठाऊक आहे. साधुपुरुषाच्या अस्थि जेथें असतील तेथें लोक शेंकडों वर्षें चालत जातात. युरोप खंडांतहि पूर्वीं असेंच होतें. इंग्लंडांतील कँटरबरी शहराच्या मोठ्या मंदिराकडे साडेतीनशेंहून अधिक वर्षें अशी यात्रा चालत असे. ती ज्या मनुष्याच्या थडग्यासाठीं चाले त्याचें चरित्र येथें देत आहों. तो थोर होता व सदोषहि होता, आणि दोन्ही गोष्टी सांगितल्यावांचून त्याचें चरित्र खरें होणार नाहीं.

ज्या मंदिरांत बिशपाचें आसन असतें त्यास कॅथीड्रल म्हणतात. मुंबईचें सेंट थॉमस कॅथीड्रल, ज्यावरून कोटाच्या एका वेशीस व पुढें स्टेशनास चर्चगेट हें नांव पडलें, तें इ. स. १७१८ मध्यें उपासनेस खुलें झालें. परंतु तें प्रेषित थोमा याच्या नांवाचें आहे. आमचा चरित्रनायक निराळा. कँटरबरीची मंडळी त्याहून फार जुनी. इ. स. ५९७ मध्यें रोमचा बिशप ग्रेगरी यानें पाठविलेला ऑगस्टीन तेथें आला, आणि केंटचा राजा एथेलबर्ट ख्रिस्ती झाला. तेव्हांपासून कँटरबरीचा आर्चबिशप हा इंग्लंडांतील मंडळीचा प्रमुख गणला जातो.

थॉमसाचा जन्म इ. स. ११२० च्या सुमारास लंडन शहराच्या चीपसाइड या व्यापारी पेठेंत झाला. त्याचा बाप गिल्बर्ट हा नॉर्मन कुळांतील व्यापारी. मुलगा मर्टनच्या मठांत व पुढें पॅरिस येथें शिकला. घरची स्थिति खालावल्यावर त्यानें कांहीं काळ हिशेबाचें काम केलें व नंतर कँटरबरीचा आर्चबिशप थिओबाल्ड याच्या पदरीं तो राहिला. थिओबाल्डानें त्याची हुशारी ओळखून त्यास कायदा शिकण्यासाठीं इटलींत बोलोन्या येथें धाडिलें. इ. स. ११५४ मध्यें तो कँटरबरीचा आर्चडीकन झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरा हेन्री हा एकवीस वर्षांचा तरुण इंग्लंडच्या गादीवर बसला. पुढच्याच वर्षीं थिओबाल्डाच्या शिफारसीवरून त्यानें थॉमसास चॅन्सेलर, म्हणजे राजाचा शिक्का सांभाळणारा मुख्य चिटणीस, नेमिलें.

राजा व चिटणीस यांचा लवकरच मोठा स्नेह जडला. ते एकत्र शिकार करीत, एका पंक्तीस जेवीत. थॉमसाचा थाट राजालाहि लाजवील असा होता. इ. स. ११५८ मध्यें तो राजाचा वकील होऊन पॅरिसला गेला, तेव्हां त्याच्या मागें घोडे, शिकारी कुत्रे, सामानाचे गाडे व शेंकडों नोकर यांची एवढी रांग होती कीं, ज्या राजाचा चाकर असा तो राजा केवढा असेल, असें लोकांस वाटलें. दुसऱ्या वर्षीं तुलूझच्या स्वारींत तो स्वतः चिलखत घालून लढला. त्या काळीं त्यास ओळखणाऱ्या कोणासहि हा मनुष्य पुढें रक्तसाक्षी होईल असें वाटलें नसतें.

इ. स. ११६१ मध्यें थिओबाल्ड मरण पावला. मंडळीचा कारभार आपल्या मुठींत यावा म्हणून हेन्रीनें आपल्या या मित्रासच आर्चबिशप करविलें. इ. स. ११६२ च्या जून महिन्यांत थॉमसास एके दिवशीं पाळकपदाची दीक्षा व दुसऱ्या दिवशीं आर्चबिशपपद मिळालें. राजाचा अंदाज मात्र चुकला. थॉमसानें चॅन्सेलरपदाचा राजीनामा दिला. त्याचा थाटमाट गेला. उंची वस्त्रांखालीं तो अंगास टोंचणारा केसाळ कापडाचा सदरा घालूं लागला, गरिबांचे पाय धुऊं लागला. ज्याचें मीठ खाल्लें त्याची चाकरी आजवर त्यानें मनापासून केली होती. आतां आपला धनी बदलला आहे असें त्यानें मानिलें.

भांडणाचें मूळ एका कायद्यांत होतें. त्या काळीं पाळकवर्गांतील कोणी खून वा चोरी केली, तर त्याचा न्याय मंडळीच्या कचेरींत होई, आणि तेथील मोठ्यांत मोठी शिक्षा पद काढून घेण्याची. अशा गुन्हेगारास पुढें राजाच्या न्यायालयानेंहि शिक्षा द्यावी असें हेन्रीचें म्हणणें होतें. थॉमसानें त्यास नकार दिला. आज विचार करतां या मुद्यांत न्यायाची बाजू राजाकडे अधिक होती असेंच म्हणावें लागतें. ज्याचा मुलगा पाद्र्यानें मारिला त्या शेतकऱ्यास कोणता न्याय मिळाला? ही सवलत इंग्लंडच्या कायद्यांतून इ. स. १८२७ मध्यें रद्द झाली, आणि ती गेली हें बरें झालें. तथापि हेन्रीस तेवढेंच नको होतें. इ. स. ११६४ च्या जानेवारींत क्लॅरेंडन येथें त्यानें जे नियम पुढें ठेविले, त्यांत राजाच्या परवानगीवांचून बिशपांनीं देशाबाहेर जाऊं नये, रोमकडे दाद मागूं नये, अशीं कलमें होतीं. थॉमस प्रथम नमला, मग त्यास पश्चात्ताप झाला व त्यानें संमति मागें घेतली. ऑक्टोबरांत नॉर्थॅम्प्टन येथें त्याजवर खटला भरून चॅन्सेलर असतांनाच्या पैशांचा हिशेब मागण्यांत आला. बहुतेक बिशपांनीं त्याची साथ सोडली. तेव्हां तो वेष पालटून रात्रीं निसटला व समुद्र ओलांडून फ्रान्सांत गेला.

तेथें त्याचीं सहा वर्षें गेलीं. राजानें त्याच्या आप्तांस, बायकामुलें व म्हातारे यांसुद्धां, देशाबाहेर घालविलें, म्हणजे एकाच्या निष्ठेची शिक्षा सगळ्या घरास दिली. हा प्रकार आमच्या जुन्या कुटुंबांत ऐकलेल्या गोष्टींहून फारसा निराळा नाहीं. इ. स. ११७० च्या जुलैंत वरवरचा समेट झाला व डिसेंबरच्या आरंभीं थॉमस परत आला. परंतु त्याच्या गैरहजेरींत कँटरबरीचा हक्क डावलून युवराजास राज्याभिषेक करणाऱ्या बिशपांवर त्यानें जो बहिष्कार घातला होता, तो उठविण्यास तो तयार होईना. येथें त्याचा हट्ट दिसतो. थोडें नरमलें असतें तर बिघडलें नसतें. ही बातमी नॉर्मंडींत ऐकून राजा संतापला व भर दरबारांत भलतें बोलून गेला. चार सरदारांनीं ते शब्द म्हणजे हुकूमच समजून इंग्लंडची वाट धरिली.

यापुढील हकीकत मंदिराचे दगडच सांगतात. तें पाहावयास जाणाऱ्यानें शक्य तर एकट्यानें जावें. जमावाबरोबर गेल्यास माहिती पुष्कळ कानीं पडते, परंतु एके जागीं मनाजोगतें थांबतां येत नाहीं. पश्चिमेकडून आंत शिरतांच जें उंच दालन लागतें तें चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधावयास घेतलेलें असून थॉमसानें तें कधीं पाहिलें नाहीं. तें ओलांडून डाव्या हातास वळावें. इ. स. ११७० च्या डिसेंबरच्या २९ व्या तारखेस, सायंप्रार्थनेच्या वेळीं, येथें तो मारला गेला. मठवासी दार लावून घेऊं पाहत होते, पण प्रभूच्या घराचा किल्ला करावयाचा नाहीं असें सांगून त्यानें तें उघडें ठेवविलें. अंधार पडत होता; वर चढून किंवा खालीं तळघरांत लपणें त्यास सहज शक्य होतें. तो लपला नाहीं. सरदारांनीं त्यास बाहेर ओढण्याचा यत्न केला, तो हालेना. जवळचे बहुतेक पळाले. एडवर्ड ग्रिम नांवाचा, नुकताच भेटीस आलेला एक पाळक मात्र त्यास धरून उभा राहिला, व पहिला घाव त्याच्या हातावर बसला. शेवटच्या घावानें तलवारीचें टोंक फरशीवर आपटून तुटलें. कांहीं वर्षांपूर्वीं जो चिलखत घालून लढला होता तो येथें निःशस्त्र मेला. याच जागीं इ. स. १९८२ च्या मे महिन्याच्या २९ व्या तारखेस रोमचे पोप दुसरे जॉन पॉल व कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनीं शेजारीं शेजारीं गुडघे टेकून प्रार्थना केली.

जवळच्याच पायऱ्यांनीं खालीं उतरलें म्हणजे तळघर लागतें. इंग्रजींत यास क्रिप्ट म्हणतात. वेदीच्या बाजूचें सारें बांधकाम याच्या ठेंगण्या कमानींवर उभें आहे. याचा पश्चिमेकडील भाग बाराव्या शतकाच्या आरंभाचा असून, थॉमसाच्या डोळ्यांनीं पाहिलेले खांब येथें आजहि आहेत. कांहीं खांबांच्या माथ्यांवर वाद्यें वाजविणारीं चमत्कारिक जनावरें कोरलेलीं आहेत. येथें कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. प्रेत उकिरड्यावर फेंकून देऊं अशी धमकी आल्यामुळें मठवाशांनीं दुसऱ्या दिवशींच, फारसा विधि न करितां, तें येथें आणून पुरलें. वस्त्रें काढतांना तो टोंचणारा सदरा त्यांस प्रथमच दिसला.

साडेतीन वर्षांनंतर, इ. स. ११७४ च्या जुलैच्या १२ व्या तारखेस, हेन्री राजा या तळघरांत आला. त्या वेळीं त्याचे स्वतःचे पुत्र त्याच्याविरुद्ध उठले होते. शहराच्या वेशीबाहेर त्यानें राजवस्त्रें उतरविलीं व तो अनवाणी चालत आला. पाय रक्ताळले होते. थडग्यापाशीं पडून त्यानें आपला दोष कबूल केला, पाठ उघडी केली, आणि तेथें जमलेल्या बिशपांकडून व मठवाशांकडून फटके घेतले. मग सारी रात्र तो उपाशी तेथेंच बसून राहिला. त्या पश्चात्तापांत राजकारण किती व अंतःकरण किती हें देव जाणे. परंतु पश्चिम युरोपांतील एक अत्यंत बलाढ्य राजा आपल्या एका शब्दानें झालेल्या खुनाबद्दल या दगडांवर ओणवा झाला, एवढें खरें.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत वरच्या भागास आग लागून तो जळाला, तळघर वांचलें. दुरुस्तीसाठीं फ्रान्सांतून बोलाविलेला साँस शहराचा विल्यम हा कारागीर परांचीवरून पडून जायबंदी झाला, तेव्हां विल्यम याच नांवाच्या एका इंग्रजानें काम पुरें केलें. इ. स. १२२० मध्यें अस्थि वर नेऊन सोनें व रत्नें यांनीं मढविलेल्या समाधींत ठेविल्या. यात्रेकरूंच्या पायांनीं व गुडघ्यांनीं झिजलेल्या वरच्या पायऱ्या अजून दिसतात. तेथील कांचेच्या खिडक्यांवर राजेरजवाडे थोडे. रोगी, सुतार, वेडे, लेंकुरवाळ्या बायका यांचींच चित्रें पुष्कळ आहेत. नवस होऊं लागले, रक्त मिसळलेल्या पाण्याच्या कुप्या विकल्या जाऊं लागल्या. ज्यानें आपली संपत्ति टाकली त्याच्या हाडांवर संपत्तीचा ढीग जमला. इ. स. १५३८ मध्यें आठव्या हेन्रीनें ती समाधि फोडून सोनें खजिन्यांत नेलें. मंडळीच्या शुद्धीपेक्षां त्याचा डोळा सोन्यावरच अधिक होता. अस्थि नाहींशा झाल्या. समाधीच्या रिकाम्या जागीं आतां फरशीवर एक मेणबत्ती जळत असते. खालीं तळघरांत, पहिल्या थडग्याच्या जागेवर, इ. स. २०११ पासून एक मनुष्याकृति छतापासून टांगलेली आहे. अँटनी गॉर्मली या शिल्पकारानें ती मंदिराच्या छपरांतून निघालेल्या जुन्या लोखंडी खिळ्यांची केली असून आंतून ती पोकळ आहे.

अस्थि गेल्या म्हणून तळघर मात्र ओस पडलें नाहीं. समाधि फोडल्यावर चाळीस वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच इ. स. १५७५ च्या सुमारास समुद्रापलीकडून प्रॉटेस्टंट विणकरांचीं कुटुंबें कँटरबरीस आलीं. धर्मासाठीं छळ झाल्यामुळें त्यांनीं घरदार सोडलें होतें. त्यांनीं शहरांत माग मांडले, आणि उपासनेसाठीं त्यांस हें तळघर देण्यांत आलें. दुसऱ्या मुलुखांतून आलेल्या विणकरांनीं शहर कसें नांदतें होतें, हें सोलापूरकरांस सांगावयास नको. आमच्या मागांचा खडखडाटहि तेलंगणांतून आलेल्या पद्मसाळी कुटुंबांनींच वाढविला. त्या परदेशी विणकरांची फ्रेंच भाषेंतील उपासना त्याच तळघराच्या एका कोपऱ्यांतील मंदिरांत आजहि चालते.

थॉमस बेकेटाची बाजू सर्वस्वीं न्यायाची नव्हती, आणि त्याच्या हाडांत कांहीं सामर्थ्य होतें असेंहि आम्ही मानीत नाहीं. पण पळतां येत असतां तो उभा राहिला, व दार उघडें ठेवून उभा राहिला. त्यामुळें राजास लाज वाटली. आमच्या कित्येक मंडळ्यांचा आरंभ झाडाखालीं किंवा शाळेच्या एका खोलींत झाला. आपल्याजवळ जुनें मंदिर नाहीं, कोणा साधूची समाधि नाहीं, असें ज्या उपदेशकास वाटत असेल त्यानें त्या विणकरांची आठवण करावी. त्यांस मिळालें तें एक उसनें तळघर, आणि त्यांतील थडगें तर केव्हांच रिकामें झालें होतें. तेवढ्यावर त्यांच्या मंडळीची उपासना आज साडेचारशें वर्षें चालू आहे.