संपत्तीचा विनियोग

मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना हे दैवज्ञ समाजातील मुरकुटे घराण्यात १८०३ साली जन्मले. १८२२ मध्ये वडील निवर्तले आणि विशीच्या आतच पेढीचा भार त्यांच्यावर पडला. तथापि केवळ संपत्ती वाढविणे हे त्यांनी आपले ध्येय मानले नाही. सनातन्यांचा विरोध पत्करून त्यांनी मुलींच्या शाळेस स्वतःच्या वाड्यात जागा दिली. १८५२ मध्ये ‘बॉम्बे असोसिएशन’च्या स्थापनेत पुढाकार घेतला; या संस्थेने एतद्देशीयांची गाऱ्हाणी विलायतेच्या पार्लमेंटपुढे मांडली. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, तिच्यामागेही नानांचे प्रयत्न होते.

१८६५ मध्ये शेअर बाजार कोसळून मुंबईतील अनेक धनिक धुळीस मिळाले. त्याच वर्षी नानांचे निधन झाले. परंतु त्यांनी ज्यांना हातभार लावला, ती शिक्षणाची व दळणवळणाची कामे टिकून राहिली.

आष्टी तालुक्यातील कड्यास मात्र आगगाडी पाहावयास २०२२ साल उजाडावे लागले. १६९ वर्षांचा हा अनुशेष केवळ सरकारच्या माथी मारून भागणार नाही. मागास भागात निर्माण होणारी संपत्ती सार्वजनिक कामात किती उतरते, याचा हिशेब तेथील सधनांनीही द्यावयास हवा.