वाटचाल ज्ञानासाठी : भिक्खू ह्युएन त्संग

मूळ धम्मग्रंथांच्या शोधात भिक्खू ह्युएन त्संग इ.स. ६२९ च्या सुमारास चीनहून भारताकडे निघाले. सरहद्द ओलांडण्यास राजाज्ञेने मनाई होती. आपला तरणा घोडा देऊन त्यांनी एका वृद्धाचा हडकुळा घोडा घेतला, कारण त्याला वाळवंटाची वाट ठाऊक होती. गोबीच्या वाळवंटात पाण्याची पखाल हातून निसटून रिकामी झाली. ते थोडे मागे वळले. परंतु भारत गाठल्यावाचून न परतण्याचा संकल्प आठवून पुन्हा पश्चिमेस चालू लागले. चार दिवसांहून अधिक काळ पाण्याचा थेंब मिळाला नाही. अखेर त्याच घोड्याने त्यांना पाणवठ्यावर नेले.

तुर्फानच्या राजाने त्यांना दरबारी ठेवून घ्यायचे ठरवले, तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला. मग त्याच राजाने घोडे, उबदार वस्त्रे, सोने-चांदी आणि वाटेवरील राज्यांसाठी २४ पत्रे दिली.

नालंदेत आचार्य शीलभद्रांपाशी अध्ययन करून ते पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेले. इ.स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन ते मायदेशी परतले आणि इ.स. ६६४ मध्ये निधन होईपर्यंत भाषांतरात गढून राहिले.

चंदगडच्या वाड्यावस्त्यांतून शिकून दूर गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांचा हा परतीचा प्रवासही ध्यानी ठेवावा.