पाषाणावरील मायबोली

वाचकहो, बेंगळुरूच्या अव्हेन्यू रोडवरील राइस मेमोरियल चर्च आपणांपैकी काहींनी पाहिले असेल. ज्या मिशनरी राइस यांचे ते स्मारक, त्यांचे पुत्र लुईस राइस १८३७ साली त्याच शहरी जन्मले. शाळातपासणीसाठी म्हैसूर संस्थानात हिंडताना त्यांना शिलालेखांचा ध्यास लागला. पुढे १२ खंडांत सुमारे ९,००० लेख त्यांनी प्रसिद्ध केले. १८८९ च्या ग्रंथात श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायांशी कोरलेल्या, चावुंडरायाचे नाव सांगणाऱ्या त्रोटक मराठी ओळीही आल्या. मराठीचा आद्य लेख म्हणून आपण शाळेत शिकलो तोच हा! अक्षीचा १०१२ चा लेख त्याहून जुना, असे आता पुष्कळ अभ्यासक मानतात. तरीही आपल्या मायबोलीची ही ठेव एका मिशनरीपुत्राने जपावी, याचे अप्रूप वाटते. १९०६ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला गेले व १९२७ साली हॅरो येथे निवर्तले.